घरचे शास्त्र : गाडीचे घर आणि माणसांचे घर

पूर्वीच्या वाड्यांत पागा आणि गोठा कोठे असत, हे ज्यांनी जुने वाडे पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको. दिंडी दरवाजातून आत शिरले की बाहेरच्या चौकाच्या कडेला घोडी, बैल आणि गाड्या. आणि स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली ही सारी पार आतल्या बाजूला. पुढे बंगले आले, तेव्हाही 'गाडीखाना' आवाराच्या एका कोपऱ्यात, घरापासून दहा-वीस पावले दूर बांधीत. घोडा गेला, मोटार आली, तरी बरीच वर्षे तोच रिवाज चालला. मग जागा महागली. एकेक चौरस फूट मोजून घेण्याचे दिवस आले आणि गाडीखाना सरकत सरकत घराला येऊन चिकटला. आज पुण्या-नाशिकच्या रो-हाउसमध्ये गॅरेज दिवाणखान्याच्या भिंतीला भिंत लावून असते, आणि फ्लॅटच्या इमारतींत तर अख्खा तळमजला गाड्यांना देऊन माणसे त्यांच्या डोक्यावर राहतात.

घोड्याच्या लिदीला वास येई खरा. पण त्या वासाने कोणी दगावल्याचे ऐकिवात नाही. गाडीच्या धुराचे तसे नाही. म्हणूनच, चकली-चिवड्याच्या शेजारी जरा चमत्कारिक दिसेल असा हा विषय मी यंदाच्या दिवाळी अंकासाठी घेतला आहे. शिवाय मुहूर्तही बरा आहे. गॅरेजात वर्षभर काय काय साठले, हे आपण दिवाळीच्या साफसफाईतच पाहतो, आणि पुष्कळांच्या घरी नवी गाडी पाडव्यालाच दारात येते.

वास वेगळा, विष वेगळे

'गॅरेजचा वास' म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, तो एकच वास नसतो. त्यात पेट्रोलची वाफ असते, इंजिनच्या तेलाचा वास असतो, टायरच्या रबराचा असतो. गेल्या रंगकामातून उरलेला ऑइलपेंट आणि थिनर असतो. कधी कधी तर यांतले काहीच नसून जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमधले पाणी वाळल्यामुळे गटाराची हवा वर आलेली असते. महिनोन् महिने न वापरलेल्या ट्रॅपमध्ये तांब्या-दोन तांबे पाणी ओतले की हा शेवटचा वास तासाभरात जातो. एवढ्या साध्या उपायासाठी मेकॅनिककडे गाडी नेणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत.

पेट्रोलच्या वाफेची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पेट्रोलमध्ये बेन्झीन असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. परंतु बेन्झीनमुळे माणसाला कर्करोग होतो, याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेला शंका नाही. डिझेलच्या धुरालाही तिने २०१२ मध्ये त्याच पहिल्या गटात घातले. अधूनमधून येणाऱ्या वासाने कोणी घाबरून जाऊ नये. पण तोच वास रोज रात्री मुलांच्या खोलीत येत असेल, तर 'सवय होते हो' असे म्हणून तो सोडून देऊ नये. सवय नाकाला होते, फुप्फुसांना होत नाही.

आणि धुरातल्या सर्वांत घातक वायूला तर वासच नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, ना चव. तो श्वासातून रक्तात गेला की रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटून बसतो. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रकार ओळखला. पुढे १८९० नंतरच्या दशकात जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तो वायू स्वतः हुंगून आपल्यावर काय परिणाम होतो ते टिपून ठेवले. कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची सूचना त्याचीच. त्या चिमुकल्या जिवाला माणसाच्या आधी भोवळ येई, आणि माणसे बाहेर पळत. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी यंत्रे आली. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून आंघोळ करताना माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेथे मारेकरी बहुधा हाच असतो.

आता आपण काय करतो पाहा. गॅरेजकडून वास आला की उदबत्ती लावतो, कापूर जाळतो, नाहीतर सुवासिक फवारा मारतो. त्याने काय होते? वास येतो, याचा अर्थ गॅरेजची हवा घरात येते आहे. तिच्याबरोबर बिनवासाचा वायूही येत असणारच. वास हा त्या वायूचा एकुलता एक चुगलखोर सोबती. त्याचे तोंड आपण धूप घालून बंद करतो आणि वायूला वाट मोकळी ठेवतो! कोळशाच्या पिशव्या, खाण्याचा सोडा, कुंडीतली झाडे यांचेही तेच. कोळसा पेट्रोलची थोडी वाफ टिपील, पण कार्बन मोनॉक्साइडपुढे यांतले काहीही चालत नाही.

एका भगिनीचे पत्र

गेल्या हिवाळ्यात या सदराकडे नाशिकहून एका भगिनीचे पत्र आले. रो-हाउस, खाली गॅरेज, गॅरेजातूनच घरात वर जाणारा जिना, आणि गॅरेजच्या डोक्यावर मुलीची अभ्यासाची खोली. मुलगी दहावीत. पहाटे पाचला उठून अभ्यासाला बसे आणि सात वाजेपर्यंत डोके धरून आईकडे येई. कधी मळमळे, कधी नुसतीच मरगळ. डोळे तपासून झाले, चष्मा लागला नाही. 'अभ्यास नको म्हणून सोंग' असेही घरात कोणी तरी म्हणाले. मात्र रविवारी डोके दुखत नसे. दिवाळीच्या सुटीत आजीकडे गेली, तेव्हाही दुखले नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज एक ओळ लिहिली होती: "आमच्याकडे हे सकाळी सहाला गाडी सुरू करून ठेवतात आणि मग डबा, बॅग घ्यायला वर येतात, तेव्हा जिन्यात थोडा वास येतो, त्याला काही उपाय आहे का?"

त्यांनी प्रश्न वासाचा विचारला होता. मी उत्तरात डोकेदुखीचेच आधी लिहिले. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गळून जाणे ही कार्बन मोनॉक्साइडच्या बाधेची पहिली लक्षणे, आणि ती सर्दी-तापासारखी वाटतात. ओळखण्याची खूण एकच: घर सोडले की बरे वाटते, परतले की पुन्हा सुरू. एकाच वेळी घरातल्या दोघातिघांना, किंवा घरातल्या कुत्र्या-मांजरालाही तोच त्रास होत असेल तर शंका आणखी बळावते.

डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोकळ्या हवेत आले की रक्तातला हा वायू चार-पाच तासांत निम्म्यावर येतो. सकाळच्या त्रासासाठी संध्याकाळी रक्त दिले तर तपासणीत फारसे काही सापडणार नाही. आणि २०२० च्या करोनाच्या साथीत घरोघरी आलेला तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे मुळीच कामाचा नाही. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेलेच दिसते, आणि गुदमरणाऱ्या माणसाच्या बोटावर तो खुशाल ९८ दाखवतो.

दीड महिन्याने त्या भगिनींचे दुसरे पत्र आले. यजमान आता डबा आधी घेतात, शटर पूर्ण उघडतात, गाडी सुरू करून लगेच रस्त्यावर काढतात. जिन्याच्या तोंडाशी घट्ट बसणारे दार लावले. मुलीची डोकेदुखी थांबली. रक्त त्या वेळी तपासलेले नव्हते, तेव्हा कारण तेच होते असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मुलीला सोंगाडी म्हणणाऱ्यांनी तिची समजूत काढली असेल, अशी आशा करतो.

घर श्वास घेते

वाचक विचारतील, मध्ये भिंत आहे, दार आहे, मग गॅरेजची हवा घरात येते कशी? तर घर ती ओढून घेते. स्वयंपाकघरातल्या चिमणीचेच उदाहरण घेऊ. हल्ली तासाला १००० घनमीटर हवा बाहेर फेकणाऱ्या चिमण्या सर्रास बसवतात. दहा बाय नऊ फुटांचे, दहा फूट उंचीचे स्वयंपाकघर धरले तर त्यात हवा असते सुमारे २५ घनमीटर. म्हणजे दीड मिनिटात स्वयंपाकघरभर हवा बाहेर गेली! तेवढीच हवा कोठून तरी आत आलीच पाहिजे. खिडकी उघडी असेल तर ती खिडकीतून येईल. पण डास नकोत, धूळ नको, थंडी नको म्हणून खिडक्या लावलेल्या असतील, तर ती येईल दाराच्या फटीतून, वायरीच्या भोकातून आणि जिन्यातून, म्हणजे गॅरेजातून. थंडीच्या रात्री तर चिमणीही लागत नाही. आतली ऊबदार हवा वर चढून वरच्या फटींतून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालची हवा वर ओढली जाते. नाशिकच्या त्या पहाटेला हे सारे जुळून आले असावे.

आपल्या घरात काय होते ते पाहण्याची कसोटी सोपी आहे. पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या. सगळ्या खिडक्या लावा, चिमणी आणि न्हाणीघरातला पंखा चालू करा, आणि गॅरेजच्या दाराच्या फटीशी घराच्या बाजूने ती पट्टी धरा. ती आपल्याकडे उडाली तर गॅरेजची हवा घरात येते आहे. दाराच्या चारी बाजूंना, वायरींच्या नळ्यांपाशी, जिन्याखालच्या कोपऱ्यात ती फिरवून पाहा. ही कसोटी उदबत्तीच्या धुराने करा असे काही जण सांगतील. पण गॅरेजपाशी पेट्रोलची वाफ असू शकते, तेथे निखारा नेणे बरे नव्हे.

उपाय, क्रमाने

पहिला उपाय गाडीचा. इंजिन गॅरेजात तापवत ठेवण्याची मुळीच गरज नसते. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या विद्यापीठाने मोजून पाहिले आहे. गॅरेजचे दार सताड उघडे ठेवून गाडी केवळ दोन मिनिटे चालू ठेवली, तरी गॅरेजातल्या कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत ५०० भागांपर्यंत गेले; गाडी बाहेर काढल्यानंतर दहा तासांनीही त्याचा मागमूस शिल्लक होता. तुलनेसाठी सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेने आठ तासांच्या सरासरीसाठी घातलेली मर्यादा सुमारे ९ भागांची आहे. 'दार तर उघडेच होते' या समाधानात काही अर्थ नाही.

"आमची गाडी नवी, पीयूसी आहे" असे म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. नव्या गाड्यांना धूर निवळणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असते हे खरे. आपल्याकडे १९९५ पासून महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना ते आले. पण तवा तापल्याशिवाय भाकरी भाजत नाही, तसे हे नळकांडे अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. म्हणजे गार इंजिन सुरू होतानाची पहिली मिनिटे सर्वांत वाईट, आणि ती नेमकी गॅरेजातली! पीयूसीचे म्हणाल तर भारत स्टेज चार आणि पुढच्या पेट्रोल मोटारींना उभ्या इंजिनाच्या धुरात ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. २००० नंतरच्या जुन्या चार-स्ट्रोक दुचाकींना ती ३.५ टक्के आहे, म्हणजे मोटारीच्या अकरा पटींहून जास्त. दुचाकीचे इंजिन लहान, धूर कमी, हे कबूल. पण मोटार निदान गॅरेजात असते. स्कूटर आपण जिन्याखाली, बोळात, कधी पडवीत घेतो आणि तेथेच किक मारतो. दुचाकी ढकलत अंगणात न्यावी आणि मग सुरू करावी.

गाडी लावताना तिचे तोंड घराकडे आणि मागची बाजू रस्त्याकडे ठेवावी, म्हणजे सुरू करताना धूर घराच्या भिंतीवर न येता बाहेर जातो. बाहेरून आल्यावर शक्य असेल तर गाडी अर्धा तास अंगणात निवू द्यावी. तापलेल्या इंजिनाच्या आसपास पेट्रोलची वाफ अधिक सुटते. ती वाफ टिपण्यासाठी हल्लीच्या गाडीत कोळशाची एक डबी असते. तरीही उभ्या गाडीला पेट्रोलचा वास येतच असेल, तर टाकीचे झाकण, रबरी नळी आणि ती डबी मेकॅनिककडून तपासून घ्यावी. पेट्रोलचा वास हा गाडीचा स्वभाव नसून आजार आहे.

याच झाडाझडतीत गॅरेजातल्या इतर वस्तूही बाहेर काढाव्यात. बाटलीत राखून ठेवलेले पेट्रोल, रॉकेलचा डबा, अर्धवट थिनर, वाळलेला ऑइलपेंट, जादा सिलिंडर आणि दिवाळीच्या दिवसांत हमखास तेथेच ठेवले जाणारे फटाक्यांचे खोके यांना गाडीशेजारी थारा देऊ नये. जमिनीवर पेट्रोल सांडले तर पाणी ओतून गटारात ढकलू नये. त्यावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकावा, तो भरून उघड्यावर न्यावा आणि पेट्रोल लागलेले कपडे बाहेरच वाळवावेत.

दुसरा उपाय दाराचा. गॅरेजातून घरात उघडणारे दार नसेल तर उत्तम. असेल तर ते भरीव असावे, आपोआप मिटणारे असावे, तीन बाजूंना रबरी पट्टी असावी आणि खाली उंबरठा. हा उंबरठा आपण हल्ली फरशीच्या हौसेपायी घालवून बसलो आहोत. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती पाण्यासारखी जमिनीलगत सरपटते. गॅरेजची जमीन घरापेक्षा एक पायरी खाली आणि दारात चांगला उंबरठा असला की ती तेथेच अडते. घर अजून बांधायचे असेल त्यांनी ही पायरी आर्किटेक्टकडून आधीच मागून घ्यावी. बांधून झाले असेल त्यांनी निदान दाराच्या तळाशी रबरी झालर लावावी. मग गॅरेजच्या भिंती आणि छत तपासावे. वायरींच्या नळ्या, पाण्याचे पाइप, तुळई आणि विटकाम यांमधली भेग, जुन्या स्विचबोर्डामागचे भोक हे सारे सिमेंटने किंवा सीलंटने बुजवावे. गॅरेजातून घरात उघडणारी झरोका-खिडकी असेल तर ती कायमची बंद करावी.

तिसरा उपाय हवेचा. गॅरेजला स्वतःची हवा द्यावी. शटरला खाली-वर जाळी आणि समोरच्या बाहेरच्या भिंतीत वर एक एक्झॉस्ट पंखा असावा. तो कोणाच्याही, म्हणजे शेजाऱ्याच्याही, खिडकीत फेकणारा नसावा. कॅनडाच्या आरोग्य खात्याचीही घराला जोडलेल्या गॅरेजसाठी हीच शिफारस आहे: मधल्या फटी बुजवा आणि गॅरेजची हवा बाहेर ओढा. घरात चिमणी लावली की गॅरेजच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी चार बोटे उघडावी. खर्च शून्य, आणि पतंगाचा कागद फडफडायचा थांबला की नाही ते लगेच दिसते. मात्र पेट्रोलचा उग्र वास भरला असेल तेव्हा पंख्याच्या किंवा दिव्याच्या बटणाला हात लावू नये. एक ठिणगी पुरे. दार हाताने उघडावे आणि वाट पाहावी.

चौथा उपाय पहारेकऱ्याचा. नाक निकामी ठरते तेथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतो. तो धुराच्या अलार्मपेक्षा आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या अलार्मपेक्षा वेगळा असतो. घेताना नीट विचारून घ्यावा. खोक्यावर ईएन ५०२९१ हे युरोपीय मानक असेल तर बरे. त्या मानकाप्रमाणे दहा लाखांत ५० भाग असतील तर तास-दीड तासात, १०० भाग असतील तर १० ते ४० मिनिटांत आणि ३०० भाग असतील तर ३ मिनिटांच्या आत तो वाजला पाहिजे. गॅरेजच्या वरच्या खोलीत आणि माणसे झोपतात तेथे तो लावावा. महिन्याला त्याचे बटण दाबून पाहावे आणि त्यावर छापलेली मुदत संपली की तो बदलावा. लहान मुलांच्या घरात आपण खिडकीला गज बसवतो, त्यातलाच हा खर्च समजावा.

फ्लॅटमधल्या मंडळींसाठी

पार्किंगच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सारे एकट्याने साधत नाही. तेथे सोसायटी नावाची संस्था मध्ये येते, आणि तिच्या सभेत धुरापेक्षा धुसफूसच अधिक! तरीही वार्षिक सभेत तीन गोष्टी मागून घ्याव्यात. एक, इमारतीखाली इंजिन चालू ठेवून कोणी उभे राहू नये, आणि गाड्यांची मागची बाजू खिडक्यांकडे नसावी. दोन, न्हाणीघरांचा डक्ट तळाशी पार्किंगमध्ये उघडा असेल तर तो बंद करावा. नाहीतर तो धुराड्यासारखा धूर वरच्या मजल्यांना पोचवतो. तीन, जनित्राचे धुराडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र असे आहे: जनित्राच्या केव्हीएचे वर्गमूळ काढा, त्याला ०.२ ने गुणा, आणि येईल तितके मीटर ते धुराडे इमारतीपेक्षा उंच ठेवा. २५ केव्हीएला १ मीटर, १०० केव्हीएला २ मीटर. आपल्या सोसायटीच्या जनित्राचे धुराडे पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली संपत असेल तर सचिवांना हे गणित सभेतच करावयास सांगावे.

विजेवरची स्कूटर घेतलेल्यांची धुराची काळजी मिटली, हे खरेच. त्यांनी एवढेच पाहावे की चार्जिंगची जागा जिन्याच्या वाटेवर नको आणि बॅटरी फुगली, तापली किंवा तिला चमत्कारिक वास आला तर तिच्याजवळ थांबू नये. गॅरेजात इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी असेल तर चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. तिलाही वर जाळी हवीच.

आणि कधी अलार्म वाजलाच, किंवा घरातल्या दोघांना एकदम चक्कर आली, तर कारण शोधत बसू नका. लहान-थोर सगळ्यांना घेऊन मोकळ्यावर या आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गॅरेजात कोणी बेशुद्ध पडलेला दिसला तर आधी बाहेरून शटर उघडा आणि माणसे जमवा. एकट्याने आत धावलेला दुसराही तेथेच पडतो. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना दाखवा, आणि घरात गर्भवती असेल तर विलंब करू नका. पोटातल्या बाळाला या वायूची बाधा आईपेक्षा अधिक होते.

आता सणाचे बोलू. पणत्यांची ओळ गॅरेजच्या शटरपाशी नेऊ नका. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेट घेऊ शकते, आपली कार्तिकातली थंडी तिच्या खिजगणतीत नाही. पाडव्याला नवी गाडी येईल तिची पूजा अंगणात करा. हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती सगळे तेथेच होऊ द्या, आणि निरांजन विझल्यावर गाडी आत घ्या. भाऊबीजेला भाऊ, मेहुणे गाड्या घेऊन येतील. त्यांना दारातच सांगा की गाडीचे तोंड घराकडे लावा आणि इंजिन लगेच बंद करा. त्यांना नवल वाटेल. मग ओवाळणी झाल्यावर लाडवाच्या ताटाबरोबर हा लेख पुढे ठेवा. आपणां सर्वांना दीपावली सुखाची आणि निरोगी जावो.